'पोट आत घ्या' म्हणायचं नाही: आहे त्या शरीराचे पोर्ट्रेट काढण्याचा व्यवसाय

आहे त्या शरीराचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत चौकशीचे बरेच फोन एकाच वाक्यावर संपतात: 'पाच किलो कमी झाले की मग येते.' त्यावर 'अहो, तुम्ही छानच दिसता' असं म्हणू नका. तुम्ही त्यांना अजून पाहिलेलंही नसतं, आणि हे त्यांना लगेच कळतं. 'सावकाश ठरवा, वजनाची आमच्याकडे अट नाही' एवढं पुरे. मग शूटच्या दिवशी काय काय होतं ते चार ओळींत लिहून पाठवा. भीती बहुतेक वेळा कॅमेऱ्याची नसते. खोलीत कोण असेल, फोटो कोण बघेल आणि ते कुठे राहतील, याची असते. या धंद्यात विकायची मुख्य वस्तू म्हणजे या गोष्टींवरचा गिऱ्हाईकाचा ताबा, आणि पुढची सगळी कामं त्याभोवती बेतायची.

व्यवसायाच्या पाटीवर 'सक्षमीकरण' लिहू नका. तो शब्द सरकारी योजनेचा वाटतो, आणि फोटोमुळे कोणी सक्षम होईल हे वचन पाळणं तुमच्या हातात नसतं. 'बॉडी पॉझिटिव्हिटी' (आहे ते शरीर स्वीकारणं) पुण्यात बाणेरच्या पंचविशीतल्या मुलीला कळेल. सदाशिव पेठेतल्या साठीच्या बाईंना 'आहे तसा, पण चांगला फोटो' म्हटलेलं जास्त पोचतं. वचनं द्यायची ती तपासता येतील अशी: न विचारता कंबर बारीक करणार नाही, रंग उजळणार नाही, लेखी परवानगीशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही.

शूटआधीचा अर्धा तास

बुकिंगनंतर फोनवर तीस मिनिटं बोला आणि कागदावर तीन रकाने आखा: दिसायला हवं, नको, विचारून. सिझेरियनचा व्रण, कोडाचे डाग, ताणखुणा, टक्कल, शस्त्रक्रियेनंतरची छाती, यातलं काय कोणत्या रकान्यात जाईल हे तुम्ही गृहीत धरू शकत नाही. स्वीकार म्हणजे सगळं दाखवलंच पाहिजे असं नाही. दंड झाकूनच फोटो हवा असेल, तर तोही त्यांचाच निर्णय.

याच फोनवर गुडघे दुखतात का, जमिनीवर बसता-उठता येतं का, हे विचारा. पेठांमधल्या कितीतरी जागा लिफ्टशिवाय दुसऱ्या मजल्यावर असतात. जिन्याच्या पायऱ्या मोजून आधीच सांगा. शूटच्या आधी निदान तासभर सैल कपडे घालायला सांगा, कारण इलॅस्टिकचे वळ त्वचेवर बराच वेळ राहतात आणि एडिटिंगमध्ये ते काढत बसणं हा फुकटचा व्याप आहे. उपाशी येऊ नका, हेही स्पष्ट सांगा. पोट सपाट दिसावं म्हणून सकाळपासून चहावर राहिलेलं माणूस तासाभरात गळून जातं.

खोली

स्टुडिओत पहिला अपमान बहुधा खुर्ची करते. हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मांड्यांना रुतते आणि माणूस अंग चोरून बसतं. बिनहाताचं, रुंद, लाकडी बाकडं करून घ्या. अठरा इंच उंची बहुतेकांना चालते. रोब (अंगावर घ्यायचे सैल झगे) ठेवायचे तर पाच एक्सएलपर्यंत ठेवा. एकच 'फ्री साइझ' रोब ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. त्याऐवजी रविवार पेठेतून पाच-पाच मीटर मलमल तीन रंगांत आणा. ते कुठल्याही अंगाला पुरतं आणि त्यातून प्रकाशही येतो. कपडे बदलायच्या जागेला आतून लागणारी कडी हवी. मोठा आरसा तिथेच ठेवा, शूटच्या जागेत नको. नाहीतर दर दोन मिनिटांनी नजर तिकडे जाते.

सोबत कोणी येणार असेल तर येऊ द्या, पण त्यांची खुर्ची कॅमेऱ्याच्या मागे ठेवू नका. तिथे बसलेल्या बहिणीच्या चेहऱ्यावर पसंती शोधण्यातच सगळं शूट जातं. खुर्ची बाजूला, नजरेच्या बाहेर ठेवा. आणि नियम दारातच सांगा: 'पोट आत घे', 'हनुवटी बघ किती' असं या खोलीत कोणी बोलायचं नाही. प्रेमाने म्हटलेलं असतं, तरी चालत नाही.

लेन्स, अंतर, प्रकाश

'मी फोटोजेनिक नाही' यामागे अनेकदा फोन असतो. पुढचा कॅमेरा वाइड असतो आणि हातभर अंतरावरून नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. हे अंतरामुळे होतं. दोन मीटर लांब उभे राहा, चेहरा जसा समोरच्या माणसाला दिसतो तसा येतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची एफ १.८ लेन्स अर्ध्या शरीरासाठी उत्तम. पण पूर्ण उंचीच्या फोटोला तिला साडेचार मीटरच्या आसपास अंतर लागतं आणि बारा बाय पंधराच्या खोलीत ते मिळत नाही. तिथे ५० मिमी घ्या, क्रॉप (लहान) सेन्सर असेल तर ३५ मिमी. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणा; डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या पूर्ण फोटोत पाय आखूड दिसतात.

बसलेल्या माणसाचे गुडघे चेहऱ्यापेक्षा अर्धा मीटर पुढे असतात, म्हणून मांड्या आहेत त्याहून मोठ्या दिसतात. हा शरीराचा दोष नाही, भूमितीचा आहे. बाकडं ४५ अंश वळवा आणि एक मीटर मागे जा.

प्रकाशासाठी १२० सेंमीचा एक ऑक्टाबॉक्स (फ्लॅशवर लावायचा अष्टकोनी कापडी डबा) पुरे. तो माणसापासून सव्वा मीटरच्या आत ठेवा. लांब नेला की तो माणसाच्या दृष्टीने लहान होतो आणि सावल्या कडक पडतात. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा फळा). सुरुवात ॲपर्चर एफ ५.६, शटर १/१६०, आयएसओ १०० वर करा. खिडकी वापरत असाल तर घरातले दिवे बंद. पिवळा बल्ब आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा हळद लावल्यासारखा होतो. ट्यूबलाइटखालीच काम करावं लागलं तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्याहून वेगळ्या वेगाला पट्टे येऊ शकतात. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर पांढरी चादर लावा, कारण तो रंग थेट गालावर उतरतो.

सावळ्या आणि काळ्या त्वचेबाबत सर्वांत जास्त चुका होतात. ऑटोवर कॅमेरा सगळी फ्रेम मध्यम राखाडी करू पाहतो. त्यामुळे पांढरी साडी असेल तर चेहरा काळवंडतो, आणि मागे काळा पडदा असेल तर चेहरा उजळून फिका होतो. मॅन्युअलवर काम करा, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (उजेड मोजायचं मध्यम राखाडी कार्ड) धरा. सावळ्या त्वचेला जास्त उजेड नको असतो, मोठा उजेड हवा असतो: गालाच्या हाडावर, खांद्यावर रुंद मऊ चमक पडली की आकार उठून येतो. घामाची बारीक चमक टिश्यूने टिपा. पावडर लावली तर राखाडी थर दिसतो. कोडाच्या डागांसाठी एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने (उजेडाचं माप) कमी घ्या, नाहीतर पांढऱ्या भागातला तपशील जळून जातो.

ताणखुणा किंवा व्रण 'दिसायला हवं' या रकान्यात असतील तर दिवा बाजूला, जवळजवळ ९० अंशांवर न्या. तिरपा प्रकाश उंचसखलपणा दाखवतो. 'नको' असेल तर दिवा समोर आणा. असं केलं की एडिटिंगची अर्धी भांडणं मिटतात.

बोलणं

पोझ सांगू नका, काम सांगा. 'मागच्या पायावर भार द्या', 'श्वास सोडा', 'केस बांधा आणि सोडा'. श्वास सोडतानाची फ्रेम घ्या. रोखून धरलेल्या श्वासात खांदे वर चढतात आणि मानेच्या शिरा दिसतात. दंड अंगाला दाबला की चपटा होऊन रुंद दिसतो, म्हणून 'कोपर थोडं सोडा' म्हणा. 'दंड लपवू' म्हणू नका. अंगाला हात लावायचा नाही, पदराची निरीसुद्धा विचारूनच सरळ करायची. शरीराची स्तुती नको, फ्रेमची करा: 'हा हात इथे छान आला.'

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीही दाखवू नका. मग तीन फ्रेम दाखवा, त्यात एक हसू नसलेली.

शूटमध्ये कोणी रडलं तर कॅमेरा खाली ठेवा, पाणी द्या, थांबा. कोणी अन्न टाळण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर तो विषय फोटोग्राफरचा नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६ भिंतीवर लावलेला असू द्या.

निवड आणि रिटचिंग

दीडशे-दोनशे फ्रेममधून तीस-चाळीसच दाखवा. पहिल्या फेरीत फक्त बघायचं, बोलायचं नाही, असं आधी सांगा. माणूस आधी नावडता भाग शोधतं आणि मगच बाकीचा फोटो बघतं. चहा घेऊन दुसऱ्या फेरीत निवड करा. कोणी 'चेहरा वाकडा वाटतोय' म्हणालं तर तोच फोटो आरशातल्यासारखा, डावं-उजवं उलटा करून दाखवा. आयुष्यभर आरशातलाच चेहरा बघितलेला असतो, त्यामुळे बऱ्याचदा उलटा फोटो ओळखीचा वाटतो.

रिटचिंगला पंधरा दिवसांचा नियम लावा: जे पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं (पुटकुळी, ओरखडा, वळ), जे राहणार त्याला विचारल्याशिवाय हात नाही. प्रिंट लॅबला 'करेक्शन नको' असं लिहून द्या. न सांगता रंग उजळून देणं ही तिथली जुनी सवय. आधी चार बाय सहाची एक चाचणी प्रिंट काढा. स्थळासाठी फोटो हवा असणाऱ्यांच्या घरून 'थोडी गोरी करा' असा निरोप येतो. तो निरोप ज्यांचा फोटो आहे त्यांना कळवा, आणि उत्तर त्यांच्याकडूनच घ्या.

परवानगी आणि कायदा

परवानगीचा फॉर्म मराठीत करा आणि त्यात चार पर्याय ठेवा: फक्त माझ्याकडे, स्टुडिओतल्या अल्बममध्ये, चेहरा न दाखवता ऑनलाइन, चेहऱ्यासह ऑनलाइन. सही शूटच्या आधी नव्हे, फोटो पाहिल्यानंतर, प्रत्येक फोटोसमोर वेगळी. प्रसिद्धीच्या बदल्यात सवलत देऊ नका. गरजेपोटी दिलेला होकार महिन्याभरात टोचायला लागतो. चेहरा नसला तरी टॅटू, तीळ, मंगळसूत्राची वाटी यावरून माणूस ओळखू येतं, आणि पुणं या बाबतीत अजून गावच आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते गिऱ्हाईकच असतं. अनेक फोटोग्राफर याच्या उलट समजून चालतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली, स्त्रीने खासगी अवस्थेतला फोटो काढायला संमती दिली असली तरी तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्यांचं असं शूट घेऊच नका.

पैसे

एका शूटला फोन, शूट, निवड आणि एडिटिंग मिळून साधारण दहा तास जातात, म्हणून महिन्याला आठच्या वर धरू नका. समजा, भाडं, हप्ते, वीज मिळून ४५ हजार आणि तुमचा पगार ५० हजार. ९५ भागिले ८, म्हणजे शूटमागे जवळपास १२ हजार, मेकअप आणि अल्बम वेगळे. याच्या खाली गेलात तर एडिटिंग घाईत उरकाल. आगाऊ तीस टक्के घ्या आणि एकदा तारीख बदलायला पैसे लावू नका. शूटच्या आदल्या रात्री धीर सुटणं इथे नेहमीचंच. कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना पुरते, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

पहिल्या कामांसाठी सहा-आठ वेगवेगळी माणसं निवडा, त्यात पुरुष आणि साठीपुढचे हवेतच. गिऱ्हाईक योगवर्ग, भिशी, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओळखीतून येतं. जिम किंवा डाएटवाल्यांशी भागीदारी टाळा. तिथे तुमचा फोटो 'आधी-नंतर' मधल्या 'आधी' च्या चौकटीत जाऊन बसेल. महिला दिनाची 'अर्ध्या किमतीत' जाहिरातही नको, त्या आठवड्यात सगळं शहर तेच ओरडत असतं.

फाइल्स दोन ड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक दुसऱ्या जागी. फोनचं गूगल फोटोजचं आपोआप बॅकअप बंद करा, फोटो पासवर्ड असलेल्या लिंकवरून द्या, आणि लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी ड्राइव्ह काढून घ्या. ९० दिवसांनी सगळं पुसायचं असं फॉर्मवरच लिहा, पुसल्यावर तसा मेसेज पाठवा, आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्डही त्याच दिवशी फॉरमॅट करा.