यादीत नुसतं 'गॅस' लिहू नका

नवा संसार मांडलेली पोरं फ्रिजवर चुंबकाखाली कामांची यादी अडकवतात आणि पंधरा दिवसांत मला फोन करतात, "मावशी, याद्याबिद्या काही चालत नाहीत." फोटो मागवला की तेच दिसतं: नळ. बँक. दळण. माळा. सगळी नामं, क्रियापद एकही नाही. नळाचं करायचंय काय? वॉशर बदलायचा की प्लंबरला फोन करायचा?

हे शहाणपण मलाही फुकट मिळालेलं नाही. एका श्रावणात मी यादीत लिहिलं, 'गॅस'. डोक्यात होती शेगडीची नारिंगी नळी. ती पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते आणि आमची उलटून गेली होती. ह्यांनी 'गॅस' वाचलं, सिलिंडर बुक केला आणि पुढे बरोबरची खूण केली. खूण बघून मीही निर्धास्त. चतुर्थीच्या सकाळी उकडीसाठी आधण ठेवलं आणि वास आला. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. नळी टोकाशी तडकली होती. आमचे एकवीस मोदक शेजारच्या काकूंकडे उकडले, तेही त्यांचे एकवीस झाल्यावर. नैवेद्याला अडीच वाजले. आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन भरलेले सिलिंडर ऐटीत उभे!

आता मी लिहिते, 'गॅसची नळी बदलून घेणे, शनिवारच्या आत, तुम्ही.' ह्यांना ते 'तुम्ही' टोचतं. टोचू दे. ज्या कामापुढे नाव नाही, ते शेवटी घरातल्या बाईचंच होतं.

दुसरी चूक दिवाळीआधी हमखास दिसते: यादीत 'चकल्या' अशी एकच ओळ. अगं, भाजणीचे तांदूळ-डाळी धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, एकेक धान्य वेगळं भाजायचं, गार करून गिरणीत न्यायचं. आणि त्या आठवड्यात गिरणीत डब्यांची रांग दारापर्यंत. मी उलटी मोजते: तळायच्या कधी, दळण कधी, भाजायचं कधी, धुवून वाळवायचं कधी. चार ओळी, चार वार. तयार पीठच विकत आणायचं असेल तर जरूर आणा, पण मग चकली विरघळली म्हणून मला फोन नको.

झाडू, भांडी, रोजची पोळी यादीत घालू नका. त्या गर्दीत नळी हरवते.

वीजबिलाची शेवटची तारीख लिहू नका. लवकर भरल्यास सूट मिळायची तारीख बिलावरच असते, ती लिहा.

एक यादी फोनवर, एक फ्रिजवर, एक डोक्यात, असं करू नका. दर महिन्याला नवं अ‍ॅप घेणाऱ्यांना तर हात जोडले. जेवढा वेळ रंग निवडण्यात जातो, तेवढ्यात माळा आवरून होतो. आमची यादी कालनिर्णयवर असते, दुधाच्या खाड्यांशेजारी. तिथे सगळ्यांचीच नजर जाते.

आधीच झालेलं काम यादीत लिहून लगेच खोडणं ही फसवणूक आहे म्हणतात. असेल. मी रोज एक तरी खोडते.