दुसरी गाठ खरंच किरणांमुळे आक्रसली का? उंदरांतला ॲबस्कोपल प्रयोग बसवताना

कॅन्सर इम्युनॉलॉजी आणि रेडिएशन यांच्या सीमेवर पोस्टडॉक सुरू केलं की पहिल्याच वर्षात हा प्रयोग अनेकांच्या वाट्याला येतो. उंदराच्या दोन्ही कुशींत गाठ वाढवायची, एकीलाच किरण द्यायचे, सोबत प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी अँटिबॉडी टोचायची आणि दुसरी लहान होते का ते पाहायचं. आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये अशा दूरवरच्या परिणामाला ‘ॲबस्कोपल’ हे नाव दिलं. कागदावर प्रयोग सोपा आहे. पण दुसरी गाठ लहान दिसायला भलतीच कारणं पुष्कळ असतात: तिच्यावरही थोडे किरण सांडले, अँटिबॉडी एकटीच पुरली, गाठ मुळात धरलीच नव्हती, किंवा मोठ्या गाठींचे उंदीर आलेखातून आधीच गळाले. बहुतेक कष्ट ही दारं बंद करण्यातच जातात.

गाठ आणि मात्रा

सुरुवात बाल्ब/सी या जातीच्या उंदीर-माद्यांमधल्या टीएसए या स्तनकर्करोगाच्या पेशींनी करा. सांड्रा डेमारिया यांच्या गटाने २००९ मध्ये याच पेशींवर २० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) एकदा, ८ ग्रे तीनदा आणि ६ ग्रे पाचदा अशी तुलना केली होती. सोबत सीटीएलए-४ हा टी पेशींवरचा ब्रेक रोखणारी अँटिबॉडी (क्लोन ९एच१०) होती. किरण दिलेली गाठ तिन्ही पद्धतींत आटोक्यात आली, दुसरी मात्र विभागून दिलेल्या मात्रेतच, आणि त्यातही ८ ग्रे तीनदा हे सरस ठरलं. कारण २०१७ मध्ये पुढे आलं. एका वेळची मात्रा साधारण १२ ते १८ ग्रेच्या पुढे गेली की ट्रेक्स१ हे एन्झाइम वाढतं आणि पेशीद्रवात साठलेला डीएनए कापून टाकतं. मग सीगॅस-स्टिंग या, भलत्या जागचा डीएनए ओळखणाऱ्या यंत्रणेला संदेशच मिळत नाही आणि टी पेशींना जागवणारं इंटरफेरॉन-बीटा हे प्रथिन तयार होत नाही. म्हणून ‘जास्त ग्रे म्हणजे जास्त परिणाम’ हा हिशेब इथे चालत नाही.

एमसी३८ या उंदराच्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वापरायचा मोह होतो, कारण त्या गाठी भराभर वाढतात. पण पीडी-१ हा टी पेशींवरचा दुसरा ब्रेक रोखणाऱ्या अँटिबॉडीला त्या एकटीलाच बऱ्यापैकी दाद देतात; मग किरणांचा वाटा किती, हे सुटं काढता येत नाही.

उंदरांना हात लावण्याआधी प्लेटमध्ये एक स्वस्त चाचणी करा. पेशींना सलग तीन दिवस ८ ग्रे द्या आणि शेवटच्या मात्रेनंतर २४ तासांनी वरच्या द्रावात इंटरफेरॉन-बीटा एलायझाने (प्रथिन मोजण्याची अँटिबॉडी-चाचणी) मोजा. तो वाढला नसेल तर पेशी किंवा मशीन, यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. पेशींत लपणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूंची चाचणीही याच आठवड्यात उरका. दूषित पेशी स्वतःच इंटरफेरॉनचे संदेश चाळवतात आणि सगळे आकडे फिरवतात.

पेशी टोचणं

पेशींनी प्लेट ७० ते ८० टक्के भरल्यावर त्या उचला, पीबीएसने (क्षारांचं साधं द्रावण) दोनदा धुवा. सीरम राहिलं तर उंदीर गाईच्या प्रथिनांनाच प्रतिसाद देत बसतो. जिवंतपणा ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी टोचू नका. १०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख पेशी, म्हणजे मिलिलिटरला १० लाख. उजव्या कुशीत दिवस ०, डाव्या कुशीत दिवस २. उजवी बाजू किरणांसाठी ठेवण्याचं कारण साधं आहे: उंदराची प्लीहा डावीकडे असते आणि तिच्यातले लिम्फोसाइट (टी पेशी त्यांतल्याच) १-२ ग्रेलाही मरतात. ज्या टी पेशींच्या भरवशावर प्रयोग उभा, त्याच भाजून काढायच्या नसतात.

सुई कातडीखाली सपाट सरकवा. खाली स्नायूत शिरली तर गाठ खोल वाढते आणि कॅलिपरने मापता येत नाही. बाटली दर दोन-तीन उंदरांनंतर हलवा. पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना भलतीच संख्या मिळते.

दिवस १२ ला उजवी गाठ साधारण ५ मिमी असावी. आकारमान लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. फार लहान-मोठ्या गाठींचे उंदीर वगळून मगच गट पाडा आणि प्रत्येक पिंजऱ्यात सगळ्या गटांचे उंदीर मिसळा.

गट किमान चार: खोटे किरण (सगळं तेच, फक्त किरण नाहीत) आणि आयसोटाइप (काहीही न रोखणारी तुलनेची अँटिबॉडी), खोटे किरण आणि ९एच१०, किरण आणि आयसोटाइप, किरण आणि ९एच१०. पाचवा गट सीडी८ पेशी (गाठ मारणाऱ्या टी पेशी) काढून टाकलेला. तो नसेल तर ‘रोगप्रतिकारामुळे’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार नाही. गटाला ८ उंदीर म्हणजे ४०, फ्लो सायटोमेट्रीसाठी (गाठीतल्या पेशी रंगवून मोजायला) चार गटांत प्रत्येकी ५ म्हणजे २०, वर वीस टक्के जास्तीचे: एकूण ७२. भारतात काम करत असाल तर हाच आकडा संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे फॉर्म बी मध्ये द्या. नंतर वाढवायला पुन्हा समितीपुढे जावं लागतं. क्ष-किरण यंत्राची परवानगी वेगळी, ती अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरून.

किरण देणं

दिवस १२, १३, १४. सलग तीन दिवस केटामाइन-झायलाझिन उंदराला जड जातं. आयसोफ्लुरेन घ्या: झोपवताना ३-४ टक्के, नंतर १.५ ते २. डोळ्यांना मलम लावा, खाली उबदार पॅड ठेवा. आयसोफ्लुरेन शुद्ध ऑक्सिजनमधून द्यायचं की हवेतून, ते एकदा ठरवा आणि बदलू नका. गाठीतला ऑक्सिजन बदलला की किरणांचा मारही बदलतो. खोट्या किरणांच्या गटालाही तेवढाच वेळ झोपवून यंत्रात ठेवा.

यंत्राचा दर मिनिटाला २.५ ग्रे असेल तर ८ ग्रेला ३ मिनिटं १२ सेकंद. पण हा दर वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवरून उचलू नका. तो त्याच अंतरावर, त्याच फिल्टरने, त्याच कॉलिमेटरने (झोत आखणारा भाग) मोजलेला हवा.

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे डाव्या गाठीवर डोझिमेट्री फिल्मचा तुकडा चिकटवणं. शिशाच्या कडेतून आणि विखुरण्यातून मुख्य मात्रेच्या ५ टक्के जरी तिथे पोचले, तर ०.४ ग्रे, तीन दिवसांत १.२ ग्रे. तो परिणाम ॲबस्कोपल म्हणता येत नाही. उजव्या मांडीजवळची इंग्वायनल लसीकाग्रंथीही झोतातून वाचवा. टी पेशींची तालीम तिथेच होते.

९एच१० चे २०० मायक्रोग्रॅम पोटात, दिवस १४, १७ आणि २० ला. सीडी८ काढणारा क्लोन २.४३ दिवस ११ ला सुरू करून दर चार-पाच दिवसांनी. पेशी खरंच गेल्या का हे रक्तात तपासताना सीडी८-बीटा रंगवा, सीडी८-अल्फावर २.४३ आधीच चिकटलेला असल्याने रंग चढत नाही आणि पेशी गेल्याचा भास होतो.

गाठीतल्या पेशी

शेवटच्या मात्रेनंतर ४-५ दिवसांनी दोन्ही गाठी काढा, वजन करा. कोलॅजिनेज ४ (१ मिग्रॅ प्रति मिलि) आणि डीएनेज (०.१ मिग्रॅ) यांत ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, मग ७० मायक्रॉनची गाळणी. डीएनेज टाळलं तर मेलेल्या पेशींचा डीएनए शेंबडासारखा चिकटतो आणि किरण दिलेल्या गाठीतून हाती काहीच लागत नाही. जिवंत-मृत रंग प्रथिनविरहित पीबीएसमध्ये, त्यानंतर एफसी ब्लॉक, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणूनची अँटिबॉडी. फॉक्सपी३ ला (प्रतिकार आवरणाऱ्या टी पेशींची खूण) त्याचं स्वतःचं न्यूक्लियर फिक्सिंग किट लागतं. या गाठीला ओळखणाऱ्या टी पेशी दाखवणारा एएच१ टेट्रामर फिक्सिंगच्या आधी लावा. निव्वळ टक्केवारीवर विसंबू नका, गाठीच्या प्रति मिलिग्रॅम पेशी मोजा. बाकीच्या पेशी मेल्या की टी पेशींचा टक्का आपोआप फुगतो.

आलेख

मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. मोठ्या गाठींचे उंदीर नियमानुसार मारावे लागतात आणि त्यानंतर सरासरी रेषा खाली झुकते. ती सुधारणा नसते. सरासरी पहिला उंदीर गळेपर्यंतच काढा, पुढे प्रत्येक उंदराची रेघ स्वतंत्र दाखवा.

दोन्ही गाठी पूर्ण विरल्या असे उंदीर उरले तर त्यांना नव्या जागी पुन्हा १ लाख टीएसए टोचा. त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, त्याच वयाच्या कधीही न टोचलेल्या माद्यांनाही टोचा. त्यांच्यात गाठ धरली नाही तर पेशीच मेलेल्या होत्या, आणि बरे झालेल्या उंदरांच्या प्रतिकारस्मृतीबद्दल एक अक्षरही लिहिता येत नाही.