अमेरिकेतल्या तुरुंगातून फी न भरता दावा : तो फेटाळला जाऊ नये म्हणून काय करावे

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात कैद्याने तुरुंग अधिकाऱ्यांविरुद्ध लावलेला दावा पुष्कळदा प्रतिवादींना समन्स जाण्याआधीच निकालात निघतो. १९९६ च्या ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म अ‍ॅक्ट’ने न्यायाधीशांना तशी चाळणी लावायला सांगितले आहे. आत असलेल्या माणसाला बाहेरून मदत करणाऱ्या नातेवाइकांनी हा क्रम पाळावा.

आधी तुरुंगातली तक्रार. विहित फॉर्म, विहित मुदत, वरची सगळी अपिले; यातले काहीही वगळायचे नाही. मुदत चुकलेली तक्रार चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितले आहे. प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. फॉर्मच दिला नाही, तर कोणी, कोणत्या तारखेला नाकारला हे लिहून ठेवा. जो मार्ग प्रत्यक्षात बंद आहे, तो संपवण्याची सक्ती नाही.

मग गरिबीचा अर्ज, म्हणजे पूर्ण फी आधी न भरता दावा चालवू द्या अशी विनंती. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कैद्याच्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा, तुरुंगाने प्रमाणित केलेला उतारा लागतो. काही दडवू नका. गरिबी खोटी ठरली तर दावा फेटाळावाच लागतो.

आता पैशाचे. अर्ज मंजूर झाला म्हणजे फी माफ झाली असे नाही, तिचे हप्ते पडतात. एकूण फी ४०५ डॉलर. मंजुरी मिळाल्यास त्यातले ५५ सुटतात, ३५० राहतात. महिन्याची सरासरी जमा ६० डॉलर आणि सरासरी शिल्लक २५ असेल, तर मोठ्या आकड्याचे २० टक्के, म्हणजे १२ डॉलर आधी. पुढे खात्यात दहा डॉलरपेक्षा जास्त असतील तेव्हा मागच्या महिन्याच्या जमेतले २० टक्के कापले जातात. दोन दावे चालू असतील तर ४० टक्के. घरून पाठवलेले पैसेही या हिशेबात धरले जातात, म्हणून दावा लावण्याआधी हे गणित घरात मांडून बघाच. खाते रिकामे असले म्हणून मात्र दार बंद होत नाही.

दाव्यात कोणी, कधी, काय केले आणि त्याने कोणती इजा झाली, एवढे सरळ लिहा. रागाची दहा पाने कोर्ट वाचते, पण त्यातून कायदेशीर हक्काचा भंग दिसला नाही तर उपयोग शून्य. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाकडून भरपाई मागू नका. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

सगळ्यात सांभाळायची गोष्ट म्हणजे ‘थ्री स्ट्राइक्स’. निरर्थक, दुष्ट हेतूचा किंवा मुद्दाच नसलेला म्हणून दावा किंवा अपील तीनदा फेटाळले गेले, की पुढच्या वेळी पूर्ण फी एकरकमी. अपवाद फक्त गंभीर शारीरिक इजेचा धोका डोक्यावर असेल तेव्हाचा. पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावासुद्धा स्ट्राइक धरला जातो, असा निकाल २०२० मध्ये आला. हा नियम मला फार कडक वाटतो, पण आहे तो असा आहे. त्यामुळे फेटाळण्याआधी दुरुस्तीची परवानगी मागा. ती मिळाली तर त्या आदेशाने स्ट्राइक लागत नाही.

दुसऱ्या तुरुंगात बदली झाली की कोर्टाला लगेच नवा पत्ता कळवा. आणि तक्रार तुरुंगातल्या वागणुकीबद्दल नसून शिक्षेबद्दलच असेल, तर हा रस्ता नाही. त्यासाठी हेबिअस कॉर्पसचा अर्ज आहे, त्याची फी ५ डॉलर.