सुझन अँथनी यांचे अल्पचरित्र कसे लिहावे

अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या अँथनी यांच्या चरित्राचा आरंभ १८२० मधील जन्मापासून न करता, १८७२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या ज्या न्हाव्याच्या दुकानात त्यांनी बहिणींसह मतदार म्हणून नाव नोंदवले, तिथून करावा. बालपण दोन ओळींत उरकले तरी चालते. सर्वाधिक जागा स्त्रियांना मताधिकार नसतानाही त्यांनी केलेले मतदान, अटक आणि खटल्याला द्यावी; न्यायाधीशांनी ज्युरीला विचारविनिमय करू न देताच दोषी ठरवण्यास फर्मावले आणि १०० डॉलरचा दंड अँथनींनी अखेरपर्यंत भरला नाही, हे तपशील गाळू नयेत. रॉचेस्टर विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळावा म्हणून १९०० मध्ये त्यांनी आपल्या आयुर्विम्याची रक्कम देऊ केली, हा प्रसंग (माझ्या मते खटल्याइतकाच बोलका) अवश्य घ्यावा. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० ची, त्यांचे निधन १९०६ चे. हा क्रम चुकवू नये.