सोडियम, मेंदू आणि नवे संशोधक: थोडं अनुभवाचं

मेंदूला सोडियमची पातळी कळते कशी, या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण थेट ताजे पेपर वाचायला घेतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी तीन राशी मनात वेगळ्या करा: रक्तातली सोडियमची पातळी, रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या सगळ्या कणांचं एकूण प्रमाण) आणि शरीरातल्या द्रवाचं आकारमान. रक्तस्रावात सोडियमची पातळी फारशी हलत नाही, तरी अँजिओटेन्सिन या संप्रेरकामुळे तहान लागते. म्हणजे तहान लागली एवढ्यावरून मेंदूने सोडियम ओळखलं असं म्हणता येत नाही.

म्हणून कुठलाही पेपर हाती आला की मी आधी कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, बघतो. ०.३ मोलर मिठाच्या द्रावणासमोर मॅनिटॉल (सोडियम नसलेला, साखरेसारखा पदार्थ) ठेवलंय का, आणि ते किती? मिठाचे दोन आयन होतात, मॅनिटॉल अखंड राहतं; तेव्हा साधारण ०.६ मोलर हवं. ते नसेल तर परिणाम सोडियमचा की ऑस्मोलॅलिटीचा, हे ठरतच नाही. व्हर्नी यांनी १९४७ मध्ये ऑस्मोरिसेप्टरची, म्हणजे ऑस्मोलॅलिटी ओळखणाऱ्या संवेदकाची, कल्पना मांडली, पुढे अँडरसन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून मेंदूत सोडियमचाच वेगळा संवेदक असावा असं सुचवलं. तो वाद समजून घेतला की पुढचं वाचन सोपं जातं.

मला सर्वांत रंजक वाटतं ते जपानमधल्या ओकाझाकीच्या नोडा गटाचं काम. पाणी तोडलेले साधे उंदीर खारं पाणी टाळतात; 'एनएएक्स' हा सोडियम-चॅनेल (पेशीच्या पडद्यातलं आयनांचं दार) नसलेले टाळत नाहीत. आणि हा चॅनेल सापडला कुठे? सबफॉर्निकल ऑर्गन या मेंदूतल्या भागातल्या ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींत, चेतापेशींत नव्हे! ग्लिया लॅक्टेट सोडतात आणि त्यातून शेजारच्या चेतापेशींना खबर मिळते, असं त्यांनी २००७ मध्ये दाखवलं. तरी सगळं श्रेय एका चॅनेलला देऊ नका. ओव्हीएलटी या मेंदूतल्याच दुसऱ्या भागातल्या चेतापेशी स्वतः आक्रसल्या की चेततात, ती वाट निराळी आहे.

प्रयोगाच्या टेबलावरचं थोडं. सबफॉर्निकल ऑर्गन मेंदूतल्या तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) छताला लोंबणारा इवलासा तुकडा. मेंदू काढताना घाई केली तर तो फाटतो आणि सेक्शनमध्ये सापडतच नाही. तिथे रक्त-मेंदू अडथळा नसतो, म्हणजे रक्तातलं सोडियम थेट पोचतं; त्याचं महत्त्वही त्यातच. दोन बाटल्यांच्या चाचणीत (एकीत साधं पाणी, दुसरीत खारं) बाटल्यांच्या जागा अदलाबदल करा, कारण उंदरांना बाजूची सवय लागते. एक रिकामा पिंजराही ठेवा, म्हणजे नुसतं गळणारं पाणी किती ते कळतं.

मिठाची ओढ हा पुन्हा वेगळा धागा. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे सोडियम घालवणारं औषध) आणि कमी सोडियमचं खाद्य देऊन ती निर्माण करतात. त्यासाठी मेंदूच्या देठातल्या एचएसडी२ चेतापेशींपासून सुरुवात करा: त्यांच्यातलं एचएसडी२ हे एन्झाइम कॉर्टिकोस्टेरॉन या त्याच रिसेप्टरला बसणाऱ्या संप्रेरकाला निष्प्रभ करतं, म्हणून रिसेप्टर अल्डोस्टेरॉन या सोडियम राखणाऱ्या संप्रेरकासाठी मोकळा राहतो.