जेड वेल लावायची तयारी: आधी मांडव

रोप घरी येण्याआधी मांडव उभा असला पाहिजे. ‘सध्या काठीवर चढू दे, पुढचं पुढे’ हा विचार जेड वेलीच्या बाबतीत अंगाशी येतो. मागच्या खेपेला आलाच. ही फिलिपीन्सच्या पावसाळी जंगलातली, वाटाण्याच्या कुळातली वेल. तिथे ती झाडांच्या आधाराने 18 मीटरपर्यंत जाते. शेंडे आधाराला पीळ घालतात आणि जुनं खोड लाकडासारखं कडक होतं. मग ती सोडवून दुसरीकडे नेऊ म्हटलं तर जाड फांद्या मोडतात, आणि फुलं येतात ती त्याच जुन्या फांद्यांवर. शिवाय नंतर खांबासाठी खड्डे खणताना मुळं तुटतात ती वेगळीच.

भिंतीला टेकवलेली जाळी चालत नाही. मोरचुदी रंगाचे घोस खाली लोंबतात, सहज हातभर, कधी मीटरभर. म्हणून आडवा मांडव, जमिनीपासून किमान अडीच मीटर उंच, जस्ताचा मुलामा दिलेल्या जाड पाइपचा, खांब काँक्रीटमध्ये रोवलेले. वरच्या तारांत 20 ते 30 सेंटीमीटर अंतर ठेवा. बारीक जाळीत घोस वरच अडकतात. बांबू नको. मातीतलं टोक दोन-तीन वर्षांत कुजतं, म्हणजे वेल फुलावर येण्याच्या सुमारासच. पावसात भिजलेल्या पानोऱ्याचं वजन आणि वारा धरूनच जाडी ठरवा.

जागा: मुळाशी सावली, शेंड्याला ऊन. रात्रीचं तापमान 15 अंशांखाली फार दिवस राहत असेल तर नाद सोडा.

रोप गुटी कलमाचं (वेलीवरच फांदीला मुळं फोडून केलेलं) किंवा छाट कलमाचं (कापलेली फांदी रुजवून केलेलं) घ्या. जुनं बी घेऊ नका. ते फार लवकर मरतं, ताजंच पेरावं लागतं. कुंडी किमान 60 सेंटीमीटर रुंद, तळाला मोकळी भोकं. माती, कंपोस्ट आणि जाडी वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खडे) समान भागांत. हाताने दाबलेला गोळा बोट लावताच फुटला पाहिजे. पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि पानं पिवळी पडेपर्यंत ते कळतही नाही. मुळांवर पाल्याचं आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं दूर.

आता मांडव झालाय ना? नसेल तर रोप आणू नका, दिलेली ऑर्डरही पुढे ढकला.

लावल्यावर एकच मुख्य खोड वर न्या, मऊ कापडी पट्टीने सैल बांधत. मांडवावर पोचलं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या पसरतील. खत बेताने. नत्र जास्त झालं की नुसती पानं. फुलायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात, तोवर कात्री लांब ठेवा. छाटणी फुलं संपल्यावरच, तीही वाळलेल्या, काटकुळ्या फांद्यांची. कळ्या धरल्यावर माती एकदम कोरडी पडू देऊ नका, कळ्या गळतात. पिठ्या ढेकूण दिसले तर साबणपाणी. उडणारे तुषार कळ्यांवर नकोत.

आणि मांडवाचे नटबोल्ट दरवर्षी पावसाआधी आवळा.