बास-युट्झच्या सुरया कशा पाहाव्यात

लंडनला आलेला पाहुणा ब्रिटिश म्युझियममध्ये शिरला की थेट ममीकडे धावतो. मी मात्र आधी या दोन कांस्य सुरयांपुढे नेते. फ्रान्सच्या लोरेन भागातल्या बास-युट्झ गावी १९२७ साली त्या सापडल्या. काळ इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपासचा.

आधी दोन पावलं मागे सरा आणि नुसता आकार बघा. चोचीसारखं लांब तोंड ही एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या भरभराटीआधी इटलीत नांदलेल्या लोकांच्या, सुरयांची धाटणी. तिथली दारूची भांडी आल्प्स ओलांडून केल्टिक, म्हणजे तेव्हाच्या मध्य-पश्चिम युरोपातल्या टोळ्यांच्या, सरदारांकडे पोचत होती.

मग जवळ जा, काचेला नाक लागेल इतकं. बुडाशी आणि गळ्याशी जडवलंय ते भूमध्य समुद्रातलं पोवळं. आता फिकट पडलंय, मूळचं लाल डोळ्यांसमोर आणावं लागतं. मुठीचा लांबुडका कुत्रा की लांडगा बघा. असे प्राणी पूर्वेकडून, शकांसारख्या भटक्यांकडून आले असं काही अभ्यासक मानतात. मला ते जरा ताणलेलं वाटतं.

चोचीवरचं इवलंसं बदक शोधल्याशिवाय हलू नका! ओतताना ते धारेवर पोहताना दिसत असणार. पाणपक्षी मध्य युरोपच्या कांस्यकामात आधीपासूनचेच, म्हणजे हा घरचा वारसा.

शेवटी एट्रुस्कन दालनात जाऊन तिथल्या सुरया बघा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, काच फार चमकते.